हलकी स्पोर्ट्स कार आणि हिवाळी टायर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

माझदा एमएक्स-५, टोयोटा जीटी८६, लोटस एलिस अशा हलक्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या मालकांकडून हिवाळी टायरांविषयी जी पत्रे येतात, त्यांतील बहुतेक पहिला बर्फ पडून गेल्यावर लिहिलेली असतात. तोवर योग्य मापाचे टायर दुकानांतून संपलेले असतात आणि जे उरले आहे तेच तुमच्या गाडीसाठी कसे उत्तम, हे पटवून देण्याचे काम विक्रेत्यांनी सुरू केलेले असते. त्यामुळे वारंवार येणाऱ्या प्रश्नांना या वेळी थोडे आधीच उत्तर देत आहे.

प्रश्न : आमच्या भागात थंडी असते, पण बर्फ क्वचित पडतो. पहिला बर्फ पडला की टायर बदलले तर चालणार नाही का?

नाही. हिवाळी टायर बर्फासाठी असतात हा समज अर्धवट आहे. ते आधी थंडीसाठी असतात. उन्हाळी टायरचे रबर तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की ताठर होऊ लागते आणि रस्त्याच्या बारीक खडबडीत पृष्ठभागाला ते बिलगत नाही. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिका आणि नैसर्गिक रबर यांचे प्रमाण असे राखलेले असते की ते थंडीतही लवचीक राहते. हलक्या गाडीत ही अडचण वाढते, कारण टायरवर भार कमी पडतो, तो कमी दबतो आणि चालता चालता जी ऊब त्याच्यात यायला हवी ती उशिरा येते किंवा येतच नाही. शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेले अर्धगुळगुळीत टायर गाडीला असतील, तर गोठणबिंदूच्या आसपास गाडी हलवूसुद्धा नका. तशा थंडीत त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात आणि उत्पादक स्वतःच तसा इशारा देतात. सकाळचे तापमान सातत्याने एक आकडी दिसू लागले, की टायर बदलून घ्यावेत आणि त्यासाठीची वेळ त्याच्या काही आठवडे आधी ठरवून ठेवावी.

प्रश्न : टायरच्या बाजूवर 'एम+एस' असे छापलेले आहे. तो हिवाळी टायर आहे, असे दुकानदार सांगतो. खरे आहे का?

तेवढ्यावरून खरे मानू नका. 'एम+एस' म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण उत्पादक नक्षीच्या रचनेवरून स्वतः लावतो आणि तिच्यासाठी बर्फावरची चाचणी उत्तीर्ण व्हावी लागत नाही. तुम्हाला हवी आहे ती तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेली खूण. ती मिळण्यासाठी टायरला बर्फावरील पकडीच्या ठरावीक चाचणीत किमान पातळी गाठावी लागते. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत ही डोंगराची खूण असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात, केवळ 'एम+एस' चालत नाही. हे दुकानदाराला ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही. जुना साठा संपवायचा असतो. उत्तर युरोपसारख्या टणक बर्फाच्या प्रदेशात राहत असाल, तर गोठलेल्या टणक बर्फावरील (आइस) पकडीची वेगळी खूणही पाहा. युरोपीय संघात मे २०२१ पासूनच्या टायर-लेबलवर ती असते.

प्रश्न : गाडीला ताकद मागच्या चाकांतून मिळते, मग फक्त मागे दोन हिवाळी टायर बसवले तर खर्च निम्मा होईल. माझ्या मित्राने तसेच केले आहे.

मित्राचा दाखला प्रत्येक पत्रात असतो. त्याला आजवर काही झाले नाही, याचा अर्थ एवढाच की पुढच्या टायरांकडून अचानक काही मागण्याची वेळ त्याच्यावर अजून आलेली नाही.

मागचे दोन टायर बदलल्याने गाडी जागची हलेल, चढही चढेल. पण ती थांबवायची आहे आणि वळवायचीही आहे. पुढे-मागे भार जवळपास सारखा वाटलेल्या एमएक्स-५ सारख्या गाडीत ब्रेक दाबताच भार पुढे सरकतो आणि थांबवण्याचे निम्म्याहून अधिक काम पुढच्या चाकांवर येते. वळवण्याची सुरुवात तर सर्वस्वी त्यांच्याकडेच असते. इंजिन चालकाच्या पाठीमागे असलेल्या एलिससारख्या गाडीत पुढचा भाग मुळातच हलका असतो, त्यामुळे पुढे कडक उन्हाळी टायर असतील तर स्टिअरिंग फिरवूनही गाडीला त्याची खबर लागत नाही.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. सावलीतले उताराचे वळण आहे आणि वाहनांनी दाबून टणक झालेला बर्फ रस्त्यावर आहे. मागच्या नव्या टायरांच्या जोरावर गाडी पलीकडचा चढ विनातक्रार चढून आलेली असते, त्यामुळे पकड भरपूर आहे असा चालकाचा ग्रह झालेला असतो. तो स्टिअरिंग वळवतो, पण पुढची चाके घसरतात आणि गाडी सरळच जात राहते. तो आणखी वळवतो, ब्रेक दाबतो. पायाखाली एबीएसची धडधड जाणवते आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे सरकत राहते. तेवढ्यात पुढच्या चाकांना रस्त्याचा उघडा पट्टा लागतो. आता पकड एकदम परत येते, पण चाके तर गरजेपेक्षा कितीतरी जास्त वळवून ठेवलेली असतात. गाडीचे तोंड हिसक्याने आत येते आणि २३०० मिलिमीटरच्या आसपास व्हीलबेस (पुढच्या-मागच्या आसांतील अंतर) असलेली गाडी, चालकाला सावरायला वेळ न देता, भोवऱ्यासारखी फिरते.

या समजाचे मूळ एका योग्य नियमाच्या अर्धवट ऐकण्यात आहे. चारही टायर एकाच जातीचे असतील आणि दोन कमी झिजलेले असतील, तर ते कमी झिजलेले मागे लावावेत, हा नियम बरोबर आहे, कारण मागची बाजू सुटली तर ती सावरणे सामान्य चालकाला कठीण जाते. त्यावरून 'चांगले टायर मागे, पुढे काहीही' असा निष्कर्ष निघत नाही. उलट प्रकारही तितकाच वाईट आहे. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी किंवा झिजलेले टायर ठेवून उतारावर खालचा गिअर टाकला, तर इंजिनाचा अडसर फक्त मागच्या चाकांवर येतो आणि मागचा भाग बाजूला निघतो. मर्यादित घसरणीचे डिफरन्शिअल (मागच्या दोन चाकांच्या वेगांत फार फरक पडू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत मागची दोन्ही चाके एकदमच सुटू शकतात, हेही ध्यानात ठेवा. इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. असलेली पकड चार चाकांत कशी वापरायची एवढेच तिला कळते, नसलेली पकड तिला आणता येत नाही.

चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि शक्यतो एकाच वेळी घेतलेले असावेत. चारांचा खर्च या वर्षी झेपणार नसेल, तर त्या महिन्यांत ही गाडी बाहेर काढू नका. ही सूचना कडक वाटेल, पण यात मी तडजोड सुचवणार नाही. आधीच दोन बसवून घेतले असतील, तर उरलेल्या दोनांविषयी याच आठवड्यात टायर-तंत्रज्ञाशी बोला.

प्रश्न : मागची चाके हलकी पडू नयेत म्हणून डिकीत वाळूची पोती ठेवावीत का?

ठेवू नयेत. मागच्या आसापलीकडे टाकलेले वजन पुढची चाके हलकी करते, घसरण सुरू झाल्यावर गाडीचे फिरणे थांबवणे अवघड करते आणि धडक झाली तर न बांधलेले पोते जागच्या जागी राहत नाही. शिवाय दोन आसनी गाड्यांची भारक्षमता मर्यादित असते. तिचा आकडा दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडेल.

प्रश्न : माझ्या एमएक्स-५ ला २०५/४५ आर १७ टायर आहेत. हिवाळ्यासाठी अरुंद घ्यावेत असे ऐकले. पण रुंद टायरला पकड जास्त असते ना?

कोरड्या, उबदार रस्त्यावर असते. (मापातला पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत सांगतो.) ओल्या बर्फाच्या चिखलात रुंद टायर, विशेषतः हलक्या गाडीखाली, तळाशी पोहोचण्याऐवजी वरच तरंगू पाहतो. अरुंद टायरला समोरून बाजूला सारायचा बर्फाचा पट्टा लहान असतो, म्हणून तो रस्त्यापर्यंत लवकर पोहोचतो. कोरड्या थंड रस्त्यावर वळणाचा नेमकेपणा थोडा कमी होईल, तो सोसावा. तुमची एमएक्स-५ चौथ्या पिढीची असेल, तर १९५/५० आर १६ हे कारखान्याने दिलेलेच माप आहे, तेव्हा नवे प्रयोग करण्याचे कारण नाही. गणितच करायचे तर १७ इंची चाकाचा बाहेरचा व्यास सुमारे ६१६ मिलिमीटर येतो आणि १६ इंचीचा सुमारे ६०१. फरक अडीच टक्क्यांच्या आत आहे. लहान रिममुळे टायरची बाजूची भिंत उंच होते, त्यामुळे बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाकण्याची भीतीही कमी होते.

मात्र लहान रिम ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाही ना, ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते) आणि मधल्या भोकाचा व्यास जुळतो का, हे प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. मोठे ब्रेक असलेल्या खास आवृत्त्यांत १६ इंची रिम बसेलच असे नाही. एलिसची गोष्ट वेगळी आहे : तिच्या दुसऱ्या पिढीत पुढे १७५/५५ आर १६ आणि मागे २२५/४५ आर १७ अशी मापे आहेत आणि हा फरक गाडीच्या तोलाचा भाग आहे. चारही चाकांना एकच माप लावून देतो म्हणणाऱ्या दुकानातून परत फिरा आणि त्या गाडीचे काम जाणणाऱ्या कार्यशाळेला विचारा.

प्रश्न : उन्हाळी टायरवर 'डब्ल्यू' वेगश्रेणी आहे, हिवाळी टायर 'एच' मिळतो आहे. घ्यावा का?

'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटर, आणि हिवाळ्यात त्याहून वेगाने जाण्याचा तुमचा विचार नसावा. अनेक युरोपीय देशांत हिवाळी टायरला कमी वेगश्रेणी चालते, पण त्या वेगमर्यादेचे स्टिकर चालकाला दिसेल असे लावावे लागते. तुमच्या देशातील नियम आणि विम्याच्या अटी वाचा. भारनिर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) मात्र ठरवून दिलेल्यापेक्षा कमी घेऊ नका.

प्रश्न : ऑल-सीझन टायर घेतले तर दोन संच ठेवण्याची कटकट वाचेल का?

वाचेल. डोंगराची खूण असलेला चांगला ऑल-सीझन टायर सौम्य हिवाळ्यात समाधानकारक चालतो, पण ज्या वळणदार रस्त्यांसाठी तुम्ही ही गाडी घेतली, तिथे उन्हाळ्यात तो तिची धार बोथट करतो.

प्रश्न : 'नवाच, फक्त जुन्या साठ्यातला' असे सांगून मोठी सवलत देत आहेत.

टायरच्या बाजूवर 'डीओटी' अक्षरांपुढच्या ओळीतील शेवटचे चार अंक स्वतः वाचा. ३५२२ असेल तर तो २०२२ च्या ३५ व्या आठवड्यात बनलेला आहे. हे अंक बहुधा एकाच बाजूला असतात आणि मांडणीतल्या टायरची नेमकी तीच बाजू भिंतीकडे असल्याचे आढळते, तेव्हा टायर फिरवून पाहण्यात संकोच करू नका. नीट साठवलेला वर्ष-दोन वर्षांचा टायर वाया गेलेला नसतो. चारही टायरांच्या तारखा चार वेगवेगळ्या वर्षांच्या असतील तर मात्र घेऊ नका. वापरलेल्या टायरांबाबत एवढेच की ऑस्ट्रियात ४ मिलिमीटरपेक्षा कमी खोली उरलेला रेडियल टायर हिवाळी मानलाच जात नाही, आणि माझ्या मते ती मर्यादा सर्वांनीच पाळावी. खोली मोजण्याचे साधन आणि भिंतीवरचे फुगवटे ओळखणारी नजर हवी, म्हणून जाणकार तंत्रज्ञाला दाखवूनच व्यवहार करा.

प्रश्न : हवा कमी ठेवली तर बर्फावर पकड वाढते का?

रोजच्या रस्त्यावर असा प्रयोग करू नका. तापमान १० अंशांनी उतरले की दाब सुमारे ०.१ बारने आपोआप घटतो. १५ अंशांच्या गॅरेजमध्ये २.० बार भरलेली हवा बाहेर उणे ५ अंशांत १.८ च्या आसपास येते आणि तेवढ्याने इशाऱ्याचा दिवा लागेलच असे नाही. टायर थंड असताना, बाहेरच्या तापमानात, पुस्तिकेतील आकड्याप्रमाणे महिन्यातून दोनदा तपासा.

प्रश्न : हिवाळी टायर उन्हाळ्यातही वापरून संपवावेत का?

नाही, उष्ण रस्त्यावर ते झपाट्याने झिजतात आणि ब्रेक लावल्यावर गाडी उशिरा थांबते.

प्रश्न : चाके घरीच बदलली तर चालतील का?

टॉर्क पाना (नट ठरावीक जोरानेच आवळू देणारा) असेल आणि तो वापरता येत असेल तर चालतील. हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, बाणाची दिशा आणि 'बाहेरची बाजू' ही खूण पाहून चाक लावा, नट समोरासमोरच्या क्रमाने आणि पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळा, आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. नव्या टायरवर साच्यातील तेलकट थर असतो, म्हणून पहिले काहीशे किलोमीटर बेताने चालवा. त्या काळात स्टिअरिंग थरथरले किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट कार्यशाळेतच करून घ्या.