गळाची वजनं घरी ओतायची आहेत: साचा कोणता घ्यावा, शिसं कुठलं वापरावं?

तुम्ही वर्सोवा आणि बँडस्टँडला गरवायला जाता, दर महिन्याला दहा-बारा वजनं खडकात अडकून जातात, म्हणून ती घरीच ओतायची आहेत. साचा कशाचा असावा, शिसं शुद्ध हवं की मिश्र, आणि प्लास्टरचा साचा चालेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात डोळा जाऊ शकतो.

प्लास्टर नको. माझा पहिला साचा प्लास्टर ऑफ पॅरिसचाच होता. मढला मित्राच्या अंगणात एप्रिलच्या उन्हात आठ दिवस वाळवला, हाताला खडखडीत लागत होता. पळीभर शिसं ओतलं, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग सगळं शिसं साच्याच्या तोंडातून उसळून वर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत थेंब चिकटले. डोळ्यांवर गॉगल होता म्हणून डोळे वाचले. हातावरचे डाग अजून आहेत. घट्ट झालेलं प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि त्याच्या वजनातला जवळजवळ २१ टक्के भाग पाणीच असतो. ते पाणी जिप्सममध्येच बांधलेलं असतं, उन्हाने जात नाही. शिसं वितळतं ३२७ अंशांना. त्या उष्णतेने पाणी सुटतं, त्याची वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा मागते.

साचा अ‍ॅल्युमिनियमचा करून घ्या. कोरीवकाम वगैरे काही लागत नाही. अ‍ॅल्युमिनियमचे दोन जाड ठोकळे कुठल्याही टर्नरकडे न्या, एकमेकांना आवळून बरोबर सांध्यावर वरून १६ मिलिमीटरचं भोक ४५ मिलिमीटर खोल मारायला सांगा. त्याच्या तळाशी मधोमध २ मिलिमीटरचं बारीक भोक. त्यात सायकलचा स्पोक उभा करायचा आणि भोवती शिसं ओतायचं. थंड झालं की स्पोक ओढून काढायचा, दोरीसाठी आरपार भोक तयार. साधारण १०० ग्रॅमचं वजन पडतं. शिशाचा एक घन सेंटिमीटर ११.३ ग्रॅमचा असतो, त्यावरून हवं ते माप काढता येईल. स्पोक आधी मेणबत्तीच्या काजळीवर धरा, साच्याला आतून संगजिऱ्याची भुकटी पुसा, म्हणजे माल चिकटत नाही.

आता शिसं. इंटरनेटवर शिसं ओतण्याची जी माहिती सापडते, ती बहुतेक अमेरिकेतल्या बंदुकीच्या गोळ्या ओतणाऱ्या हौशी लोकांची. आपल्याकडे परवान्याशिवाय गोळ्या बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ खाली गुन्हा आहे. शिवाय त्यांची गरजच वेगळी: गोळी नळीत घासून टिकावी म्हणून त्यांना कडक मिश्रण लागतं, म्हणून ते अँटिमनी आणि कथील घालतात. आपल्याला वजन हवंय, कडकपणा नकोय. त्यात या दोन्ही धातू शिशापेक्षा हलक्या, म्हणजे तेवढ्याच आकारात वजन कमी भरतं.

म्हणून मऊ शिसं घ्या. मुंबईत ते जुन्या इमारतींतून निघतं: बिडाच्या सांडपाण्याच्या पाइपांचे सांधे शिशाने भरलेले असायचे, आणि इमारत पाडली की ते भंगारात येतं. कुर्ल्याला विचारा. नखाने ओरखडा उमटला आणि फरशीवर टाकल्यावर थप्प असा बसका आवाज आला की माल बरा. पागाच्या (हाताने फेकायच्या जाळ्याच्या) कडेला बसवायच्या किंवा दोरीवर दाबायच्या बारीक शिशांसाठी तर मऊच हवं. कडक असेल तर दाबताना तडकतं. छापखान्यातले जुने खिळे हे उलट टोक. लायनोटाइप या जुन्या छपाईच्या यंत्रात वापरायच्या धातूत साधारण ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. ते २४० अंशांच्या आसपासच वितळतं आणि साच्याचा कोपरा न् कोपरा भरतं. वाळूत रुतणारं, बारीक पायांचं वजन ओतायचं असेल तेव्हाच त्याची मूठभर भर घाला.

टायरवाल्याकडची चाक बॅलन्स करायची वजनं घेतलीत तर जपून. हल्ली त्यांत जस्ताची आणि लोखंडाची बरीच असतात. जस्त मिसळलं तर शिसं लापशीसारखं होतं आणि साचा भरत नाही. पण जस्त ४१९ अंशांपर्यंत वितळत नाही. आच मंद ठेवली की शिसं पाणी होतं आणि जस्ताचे तुकडे तसेच वर तरंगतात. चिमट्याने काढून टाका. याच कारणासाठी गॅल्वनाइज्ड डब्यात शिसं वितळवू नका. बिडाची कढई घ्या, आणि ती परत कधीही स्वयंपाकात नको. गाडीच्या बॅटरीच्या प्लेटा मात्र फुकट मिळाल्या तरी आणू नका. त्यांतलं आम्ल, धूळ आणि तापवल्यावर निघणारे विषारी वायू घरगुती कामाचे नाहीत.

पहिली चार-पाच वजनं सुरकुतलेली निघतील, कारण साचा थंड असतो. परत कढईत टाका. साचा तापला की गुळगुळीत येऊ लागतात, आणि पुढे पांढुरकी, बर्फ धरल्यासारखी दिसू लागली की आच जास्त झाली.

फ्लॅटच्या स्वयंपाकघरात किंवा गॅलरीत हे करू नका. धुरापेक्षा वर धरणारी राखाडी साय जास्त वाईट. ती काढताना भुकटी उडते, कपड्यांवर बसते, आणि लहान मुलांच्या शरीरात शिसं कितीही थोडं गेलं तरी ते सुरक्षित नसतं. मोकळ्या जागी, मुलं आणि गरोदर बायका आसपास नसताना ओता. सुती पूर्ण बाह्या, बंद बूट आणि गॉगल घाला. साय झाकणाच्या डब्यात ठेवून भंगारवाल्याला द्या. ते कपडे वेगळे धुवा. आणि किनाऱ्यावर आपण सगळेच करतो ते सोडा: बारीक शिसं दाताने दाबणं. पक्कड ठेवा सोबत.

पावसाळ्यात हे काम बंद. कढईत कपाळावरच्या घामाचा थेंब पडला तरी शिसं उडू शकतं.

बँडस्टँडच्या खडकांसाठी मात्र मी हल्ली शिसं वापरतच नाही. मोठे लोखंडी नट बारीक, कच्च्या दोरीने बांधतो. अडकले तर तेवढी दोरी तुटते, गळ परत येतो, आणि खडकात शिसं राहत नाही. वर्सोव्याच्या वाळूसाठी ओता.