वाचक विचारतात: जुना गेम कुणाच्या घड्याळावर चालतो?

या वेळच्या पत्रांत एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आली आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीचा गेम नव्या संगणकावर सुरू होतो, पण वेग बिघडलेला असल्यामुळे खेळता येत नाही. चाहत्यांनी घडवलेले पॅच, म्हणजे गेममधली चूक दुरुस्त करणाऱ्या छोट्या फाइल, अशा वेळी खरोखर कामाला येतात. मात्र गेम वेळ कशावरून मोजतो हे आधी ओळखायला हवं: प्रोसेसरवरून, पडद्यावरच्या फ्रेमवरून (एकामागून एक काढल्या जाणाऱ्या चित्रांवरून) की विंडोजच्या घड्याळावरून. नाही तर रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत होते.

प्रश्न: डॉसच्या काळातला अंतराळयुद्धाचा गेम डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉस संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावला. शत्रू दिसेपर्यंत मरण येतं. कोणता पॅच घेऊ?

पॅच नको, डॉसबॉक्समधला एक आकडा बदला. त्या काळातले बरेच गेम ‘जमेल तितक्या वेगाने पुढचं चित्र काढ’ एवढंच जाणतात. १९९० चा ‘विंग कमांडर’ याच जातीचा, ४८६ प्रोसेसरवरच तो हाताबाहेर जायला लागला होता. उलट १९९३ चा ‘डूम’ सेकंदाला ३५ ठोके मोजून चालतो. प्रोसेसर कितीही वेगवान असो, त्यातले राक्षस त्याच चालीने येतात.

डॉसबॉक्सच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘सीपीयू’ विभागात ‘सायकल्स’ ही ओळ असते. एका मिलिसेकंदात प्रोसेसरच्या किती सूचना पार पाडायच्या, ते ती सांगते. ती ‘ऑटो’वर असेल तर साध्या गेमला ३००० सायकल्स मिळतात, पण प्रोटेक्टेड मोड (प्रोसेसरला जास्त मेमरी वापरू देणारी पद्धत) वापरणाऱ्या गेमला संगणकाची जवळजवळ सगळी ताकद मिळते आणि तो सुसाट सुटतो. तिथे ‘फिक्स्ड ३०००’ लिहा. मग गेम चालू असताना कंट्रोल-एफ११ ने कमी आणि कंट्रोल-एफ१२ ने जास्त करत जा. कमी करण्याची पायरी मोठी आणि वाढवण्याची लहान असल्यामुळे दोन्ही कळा एकेकदा दाबून मूळ आकडा परत येत नाही. खिडकीच्या शीर्षकपट्टीत चालू आकडा दिसतो, तो पाहूनच ठरवा. सुरुवात म्हणून ३८६ च्या काळातल्या गेमला चार ते सहा हजार आणि ४८६ डीएक्स२-६६ च्या काळातल्याला पंचवीस हजारांच्या आसपास धरा. बरोबर वाटलेला आकडा फाइलमध्ये लिहून ठेवा. कळांनी केलेला बदल गेम बंद केला की जातो.

प्रश्न: एक छोटा डॉस गेम सुरू होताच ‘रनटाइम एरर २००’ देऊन बंद पडतो. फाइल खराब आहे का?

फाइल धडधाकट आहे. हा गेम टर्बो पास्कलमध्ये लिहिलेला आहे आणि चूक त्या भाषेच्या ‘सीआरटी’ या तयार भागातली आहे.

प्रोग्रॅम सुरू होताच हा भाग संगणकाचा वेग मोजतो. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामा लूप किती वेळा फिरला ते पाहतो आणि त्या संख्येला ५५ ने भागतो. उत्तर ठेवायला जागा आहे १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. याला ५५ ने गुणलं की साधारण ३६ लाख येतात. लूप त्याहून जास्त वेळा फिरला की भागाकार जागेत मावत नाही आणि प्रोसेसर तक्रार करतो. टर्बो पास्कल ती तक्रार ‘शून्याने भागलं’ या क्रमांकाखाली दाखवतं. शून्याचा इथे काही संबंध नसतो. दोनशे मेगाहर्ट्झच्या आसपासचे पेंटियम आले आणि एरवी नीट चालणारे असंख्य प्रोग्रॅम एकदम पडायला लागले.

चाहत्यांचा पॅच गेमच्या ईएक्सई फाइलमध्ये, म्हणजे मुख्य प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये, या भागाकाराची ठरावीक बाइट-मालिका शोधतो आणि तिथे सुरक्षित कोड बसवतो. ‘मालिका सापडली नाही’ असा संदेश आला तर ईएक्सई बहुधा पीकेलाइट किंवा एलझेडएक्झी या फाइल लहान करणाऱ्या प्रोग्रॅमने आवळलेली असते. आधी ती उलगडा, मग पॅच लावा.

डॉसबॉक्समध्ये सायकल्स कमी ठेवूनही ही अडचण टळते. मात्र सुरुवातीला सायकल्स कमी ठेवून नंतर वाढवू नका. मोजणी संथ वेगावर झालेली असते, त्यामुळे नंतरचा प्रत्येक थांबा आखूड पडतो आणि गेम पुन्हा पळायला लागतो.

प्रश्न: ‘जीटीए सॅन अँड्रियास’मध्ये फ्रेम लिमिटर बंद केल्यावर चित्र मुलायम झालं, पण पोहण्याचा वेग पार घसरला आणि गाड्याही विचित्र वागतात. दोन्ही नीट मिळेल का?

लिमिटर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम निघतील त्यावर मर्यादा घालणारी सेटिंग, परत चालू करा. हा गेम एका ठरावीक फ्रेमदरावर बेतलेला आहे आणि त्यातली बरीच गणितं ‘दर सेकंदाला’ ऐवजी ‘दर फ्रेमला’ केलेली आहेत. समजा एखादी वस्तू दर फ्रेमला अर्धा एकक सरकते. ३० फ्रेमला ती सेकंदात १५ एककं जाईल, १४४ फ्रेमला ७२. जिथे प्रोग्रॅमरने वेळेने गुणलं आहे तिथे वेग बरोबर राहतो, जिथे विसरला तिथे तो सुटतो किंवा मंदावतो. म्हणूनच तुमची पोहण्याची चाल बिघडली आणि धावण्याची तेवढी बिघडली नाही.

पण लिमिटर चालू असताना चित्र अडखळतं हेही खरं आहे. मूळ लिमिटरमध्ये एक जादाची प्रतीक्षा राहून गेल्याने ३० ऐवजी सुमारे २५ च फ्रेम मिळतात. ‘सायलेंटपॅच’ ती काढतो आणि ३० म्हणजे खरोखर ३० होतात. इतर अनेक बारीक दोषही तो दुरुस्त करतो. सॅन अँड्रियाससाठी पहिला पॅच घ्यायचा तर हाच घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक काळजी घ्या: ‘एएसआय’ प्रकारची पॅच-फाइल एकटी काम करत नाही, तिला उचलणारी लोडर डीएलएल (गेमबरोबर आपोआप उघडणारी सहायक फाइल) गेमच्या मुख्य फोल्डरात लागते. लोडर नसेल तर काही चुकलं असा संदेशही येत नाही, गेम पूर्वीसारखाच चालतो आणि पॅच निकामी असल्याचा गैरसमज होतो.

फ्रेमदर वाढवणारा पॅच लावताना काय बिघडू शकतं ते आधी वाचा. ‘डार्क सोल्स’साठी २०१२ मध्ये आलेल्या ‘डीएसफिक्स’ने ६० फ्रेमची वाट मोकळी केली, पण ६० फ्रेमला उडी आखूड पडते आणि काही शिड्यांवरून घसरत उतरलं तर खेळाडू जमिनीतून आरपार जातो. अशा जागी काही क्षण ३० वर यायचं, शिडी उतरायची, पुन्हा ६० वर जायचं.

हाच आजार तुमच्या दुसऱ्या एखाद्या गेममध्ये आहे का, हे पाहायची सोपी चाचणी: मॉनिटरचा रिफ्रेश रेट तात्पुरता ६० हर्ट्झ करा आणि गेममध्ये व्ही-सिंक (फ्रेमदर मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला बांधणारी सेटिंग) चालू करा. वेग ताळ्यावर आला तर गेम फ्रेमला बांधलेला आहे. आधी लिमिटर वापरून पाहा, कारण तो कधीही काढता येतो. ईएक्सई बदलणारा पॅच त्यानंतर. नुसत्या व्ही-सिंकवर विसंबू नका, १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर व्ही-सिंक म्हणजे १४४ फ्रेम.

प्रश्न: पॅच चालवला की ‘चुकीची आवृत्ती’ असा संदेश येतो. गेम तर अस्सल सीडीवरूनच टाकला आहे.

अस्सल असूनही आवृत्ती वेगळी असू शकते. वेगळ्या देशाची सीडी, नंतरची छपाई, अधिकृत अपडेट, ऑनलाइन दुकानातली प्रत, या प्रत्येकीत ईएक्सईचे बाइट वेगळ्या जागी असतात. पॅच ‘अमुक जागेवरचे चार बाइट बदल’ एवढंच करतो. जागा चुकली तर तो वेगाऐवजी भलताच कोड मोडेल. त्यामुळे नकार देणारा पॅच चांगला. तपासणी न करता जो मुकाट्याने लिहितो त्याचीच भीती बाळगा.

क्रम असा ठेवा. गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये न टाकता सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात टाका. शेवटचा अधिकृत अपडेट आधी लावा, पॅचच्या माहितीत जुनीच आवृत्ती मागितली असेल तर मात्र लावू नका. मूळ ईएक्सईची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. मग पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ चालवून येणारी लांबलचक संख्या पॅचच्या माहितीतल्या संख्येशी ताडा, आणि जुळली तरच पॅच लावा. एका वेळी एकच पॅच. तीन एकदम लावले आणि गेम पडला, तर दोष कुणाचा ते कळत नाही.

‘प्रोग्रॅम फाइल्स’ टाळण्याचं कारण: तिथे लिहायची परवानगी जुन्या गेमला नसते, म्हणून विंडोज त्याची सेटिंगची फाइल गुपचूप ‘व्हर्च्युअलस्टोअर’ या फोल्डरात ठेवतं. तुम्ही गेमच्या फोल्डरातली फाइल बदलत राहता आणि गेम दुसरीच वाचतो. ‘पॅच लावला, फरक शून्य’ म्हणणाऱ्या पुष्कळ पत्रांमागे हेच असतं.

प्रश्न: जुन्या द्विमितीय रणनीतीच्या गेममध्ये माउस कडेला नेला की नकाशा दुसऱ्या टोकाला जाऊन आदळतो.

स्क्रोल प्रत्येक चित्राबरोबर एक पायरी सरकतो आणि आता चित्रं शेकड्यांनी निघतात. ‘सीएनसी-डीड्रॉ’ ही डीएलएल आणि तिची आयएनआय फाइल गेमच्या फोल्डरात ठेवा. आयएनआयमध्ये ‘मॅक्सगेमटिक्स’ ६० करा, तरी वेगवान वाटलं तर ३०, मग २५, २०, १५. ‘मॅक्सएफपीएस’ ही ओळ वेगळी आहे, ती फक्त दाखवलेल्या चित्रांना लगाम घालते. गेमची चाल त्याने बदलेलच असं नाही.

प्रश्न: गेम पळत नाही, उलट रेंगाळतो. मीटर ३२ फ्रेम दाखवतो, कधी ६४.

हे दोन आकडेच निदान सांगतात. विंडोजचं घड्याळ मुळात १५.६ मिलिसेकंदांनी पुढे सरकतं, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा. ‘एक मिलिसेकंद थांब’ म्हणणारा गेम पुढच्या ठोक्यापर्यंत अडकतो, आणि दोन ठोके गेले की फ्रेम उरतात ३२. पूर्वी दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमने बारीक घड्याळ मागितलं तरी ते सगळ्यांना मिळायचं. विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ज्याने मागितलं त्यालाच मिळतं. म्हणून बाहेरून घड्याळ बदलणारी साधनं आता गेमला उपयोगी पडत नाहीत. गेमच्या आत शिरून ते मागणारा पॅच लागतो.

प्रश्न: संगणक नुकताच सुरू केलेला असेल तर गेम सुरळीत चालतो, दोन-तीन दिवसांनी झटके देतो. रोज रात्री शटडाउन करूनही.

गेम बहुधा संगणक सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद ३२ बिटांच्या दशांश संख्येत ठेवतो. अशी संख्या १,६७,७७,२१६ पर्यंतच एकेक मोजू शकते, म्हणजे साधारण चार तास चाळीस मिनिटं. पुढे ती दोन-दोनच्या, मग चार-चारच्या उड्या मारते. साधारण दीड दिवसानंतर उडी १६ मिलिसेकंदांची होते, म्हणजे ६० फ्रेमच्या हिशेबात जवळजवळ एक पूर्ण फ्रेम. रात्रीचा शटडाउन इथे पुरत नाही, कारण ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर तो घड्याळ शून्यावर आणत नाही. गेमआधी ‘रीस्टार्ट’ करा किंवा पॉवर सेटिंगमधून फास्ट स्टार्टअप बंद करा.

प्रश्न: ‘ग्रिम फँडँगो’ सगळीकडे ठीक चालतो, फक्त फोर्कलिफ्ट घेऊन लिफ्टमध्ये गेल्यावर अडतो. सायकल्ससारखं काही आहे का?

हा १९९८ चा विंडोजचा गेम आहे, डॉसबॉक्स इथे चालणार नाही. त्या प्रसंगात लिफ्ट योग्य जागी येताच फोर्कलिफ्ट पुढे घ्यायची असते. वेगवान प्रोसेसरवर लिफ्ट इतकी झपकन जाते की ती संधी हाती लागतच नाही. कोड्याचं उत्तर तुम्हाला बरोबर सापडलेलं असूनही गेम ते मानत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका, पॅच लावूनच पुढे जा. दुसरा मार्ग म्हणजे मूळ सीडीवरच्या फाइल घेऊन स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये खेळणं. तिथे गेमचं इंजिनच नव्याने लिहिलेलं असल्यामुळे जुन्या ईएक्सईला हात लावावा लागत नाही.