लॅपटॉपला व्हायरस आला तर हार्डवेअर वॉलेटमधले कॉइन जातात का?

तुमचा प्रश्न असा आहे की क्रिप्टो कॉइन ठेवायला लेजर कंपनीचं हार्डवेअर वॉलेट घेतलंय, त्याचं लेजर लाइव्ह (आता नाव लेजर वॉलेट) अॅप घरच्या लॅपटॉपवर टाकलंय, त्याच लॅपटॉपवर पोरगं कुठनं कुठनं गेम उतरवतं, तर उद्या व्हायरस आला किंवा लॅपटॉपच मेला तर कॉइन गेले का. आणि एक्स्चेंजवरनं, म्हणजे कॉइन विकत घेतले त्या साइटवरनं, सगळे एकदम हलवू का, आणि ओएलएक्सवर एक स्वस्तात मिळतंय ते दुसरं म्हणून घेऊन ठेवू का.

लॅपटॉप मेला म्हणून कॉइन जात नाहीत. कॉइन अॅपमध्ये नसतातच, खरं तर त्या पेनड्राइव्हसारख्या डबीतही नसतात, ते असतात ब्लॉकचेनवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सामायिक खातेवहीत, डबीत असते फक्त व्यवहारावर सही करायची चावी आणि ती चावी निघते सेटअपच्या वेळी डबीच्या स्क्रीनवर दिसलेल्या २४ शब्दांमधनं. अॅप म्हणजे नुसतं पासबुक. पासबुक उंदरानं खाल्लं तर खात्यातले पैसे जातात का? मी एकदा अॅपचा पासवर्ड विसरलो, घाम फुटला होता, मग कळलं की तो पासवर्ड फक्त कुणी लॅपटॉप उघडून बॅलन्स बघू नये म्हणून असतो. अॅप रिसेट केलं, डबी जोडली, खाती परत अॅड केली, चहा गार व्हायच्या आत सगळं परत दिसायला लागलं.

पण ते २४ शब्द म्हणजे सगळं काही, ज्याच्याकडे शब्द त्याचे कॉइन, तिथे मात्र हलगर्जीपणा नको. माझीच गंमत सांगतो. मी शब्द कार्डावर लिहिले, घाईघाईत, माझ्या डॉक्टरी अक्षरात. कुणीतरी सांगितलं होतं की पैसे टाकायच्या आधी एकदा डबी पुसून परत उभी करून बघ, म्हणून मी पाचेकशे रुपयांचेच कॉइन टाकले आणि मुद्दाम तीनदा चुकीचा पिन मारला. तीन चुका झाल्या की लेजर स्वतःला पुसून टाकतं. मग एकेक शब्द घालत बसलो आणि शेवटी डबी म्हणते फ्रेज (म्हणजे ते २४ शब्द) चुकीची. दोन तास गेले. शेवटी सापडलं, एक शब्द मी क्विट वाचत होतो तो होता क्विझ. शब्दांची यादी ठरलेली असते, २०४८ इंग्रजी शब्दांची, आणि हे दोन्ही त्यात आहेत त्यामुळे घालताना काही खटकत नाही, पण शेवटच्या शब्दात एक चेकसम, म्हणजे बाकीचे शब्द जुळतात का ते तपासणारा आकडा, लपवलेला असतो, त्यानं पकडलं. (ते शब्द आता वापरात नाहीत, नवीन केले, तेव्हा ट्राय करू नका.) हेच जर तीन वर्षांनी डबी बंद पडल्यावर, सगळी जमापुंजी आत असताना कळलं असतं तर काय झालं असतं विचार करा. म्हणून तुम्हीपण हे आधी करा, रक्कम कमी आहे तोवर.

कागदावरचं दुसरं दुखणं म्हणजे पाऊस. आमच्या कोकणातल्या घरी कपाटातल्या कागदाला दोन पावसाळ्यांत बुरशी येते, जेलपेनची शाई तर नुसती पसरते. मी स्टीलच्या पट्टीवर ठोकून घेतले. भांड्यांवर नाव घालून देतो त्याच्याकडे नेऊ नका म्हणजे झालं, हसू नका, माझ्या एका मित्राच्या खरंच डोक्यात आलं होतं ते. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांच्या पंचचा सेट मिळतो, हातोडीनं स्वतः ठोका, प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात कारण यादीत कुठल्याच दोन शब्दांची पहिली चार अक्षरं सारखी नाहीत. फोटो नको, गुगल ड्राइव्ह नको, स्वतःला व्हॉट्सअॅप तर अजिबात नको. आणि बायकोला पट्टी कुठे आहे ते सांगून ठेवा.

आता व्हायरस. चावी डबीतनं बाहेर येत नाही त्यामुळे व्हायरसला ती चोरता येत नाही, पण तो पासबुक खोटं छापू शकतो. म्हणजे तुम्ही पत्ता कॉपी केला की पेस्ट करताना चोराचा पत्ता टाकणं, किंवा अॅपमध्ये दाखवायचं एक आणि सहीला पाठवायचं दुसरं. म्हणून मोठ्या स्क्रीनवर काय दिसतंय ते सोडा, डबीच्या छोट्या स्क्रीनवर पत्ता आणि रक्कम पूर्ण वाचा, नुसती पुढची मागची चार अक्षरं नाही, मगच बटण दाबा. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट एक्स्चेंजचे जवळपास १५० कोटी डॉलर असेच गेले, सही करणाऱ्यांना कंप्युटरवर व्यवहार बरोबर दिसत होता आणि सही झाली भलत्याच गोष्टीवर. डबीवर न वाचता येणारा आकड्यांचा ढीग दिसला तर सही करू नका.

अॅप कंपनीच्या साइटवरनंच घ्या, सर्चमधल्या जाहिरातीवरनं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरवर लेजर लाइव्हच्या नावानं खोटं अॅप चढलं होतं, लोकांनी त्यात २४ शब्द टाइप केले आणि ५ लाख डॉलरच्या वर गेले. लेजरचे शब्द कीबोर्डवर कधीच टाइप करायचे नसतात, ते फक्त डबीच्या बटणांनी डबीतच घालायचे, कुणीही, अगदी कंपनीच्या लेटरहेडवर मागितले तरी. लेटरहेड म्हणतोय कारण २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २.७ लाख ग्राहकांची नावं पत्ते फोन फुटले होते आणि नंतर काहींच्या घरी पोस्टानं चक्क नकली डबी आली, जुनी खराब आहे ही वापरा म्हणून.

हलवायचं म्हणाल तर हो, हलवा. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरनं २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली तेव्हा भल्याभल्यांचे कॉइन अडकले. पण एकदम नाही, आधी अगदी थोडे पाठवा, पोचले की बाकीचे. यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन) असेल तर नेटवर्क, म्हणजे ते ज्या ब्लॉकचेनवरनं जातं ती, दोन्हीकडे तेच आहे ना बघा. बिटकॉइनचा पत्ता अॅप दरवेळी नवीन दाखवतं, घाबरू नका, जुने पण चालतात. स्वतःच्या वॉलेटला हलवणं म्हणजे विक्री नाही, पण विकाल तेव्हा ३० टक्के टॅक्स आहे, तेव्हा किती भावाला घेतले याची एक्स्चेंजवरची स्टेटमेंट आत्ताच उतरवून ठेवा, एक्स्चेंज बंद पडल्यावर कोण देणार. अॅपमधनंपण व्यवहारांची सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी यादी) निघते, ती तुमच्या सीएला द्या.

ओएलएक्सवालं नको. डब्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर समजा की ते शब्द विकणाऱ्याकडे पण आहेत, तुम्ही पैसे टाकायची तो वाट बघतोय. आणि दुसरी डबी घ्यायची घाईच कशाला, पट्टी नीट असेल तर पहिली फुटली त्या दिवशी नवीन मागवली तरी चालतंय.