किंग्स्टनला येताय? मग आधी जेवणाचं बोलू

नमस्कार ताई. नवऱ्याला किंग्स्टनला नोकरी मिळतेय, घरात कुणी मांस-मासे खात नाही, मुलगी चौथीत आहे, तर जमैकात निभेल का, येताना काय काय आणू आणि एकटं वाटतं का, असं तुम्ही विचारलंत. वर्क परमिट, अमेरिकेमार्गे आलात तर लागणारा ट्रान्झिट व्हिसा वगैरे सरकारी साइटवर सगळं आहे, त्यात मी पडत नाही. तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस डोक्यात जे घोळतंय, ते लिहिते.

एकटेपणाचं आधी उरकते. वाटतं. मग कामं निघतात. पुढे.

तूरडाळीनं बॅग भरू नका. भारतीय किराणा दुकानांत मिळते, आणि ओली तूर तर बाजारात येतेच. तिला गंगू पीज म्हणतात. रविवारी घराघरांत नारळाच्या दुधातला भात शिजतो, त्यात एरवी राजमा, पण नाताळच्या सुमाराला हीच तूर. माठाच्या जातीची पालेभाजी कॅलालू नावानं मिळते, सकाळी नाश्त्याला कांदा-टोमॅटो घालून परततात. लाल अंबाडीच्या बोंडांचं आलं घालून सरबत करतात, ते सॉरल. आंब्यांत ‘बॉम्बे’ नावाची एक जात आहे: मधोमध गोल चिरायचा, पिळायचा, दोन वाट्या वेगळ्या होतात. पहिल्यांदा कॉरोनेशन मार्केटला जाल तेव्हा ओळखीची बाई बरोबर घ्या आणि घासाघीस तिला करू द्या.

अकी नावाच्या फळाबद्दल मात्र नीट वाचा. अकी आणि खारवलेला मासा हा इथला राष्ट्रीय पदार्थ. तुम्ही मासा वगळून नुसती अकी करू शकता, परतल्यावर भुर्जीसारखी दिसते. पण फळ झाडावर आपणहून उमललेलंच हवं. न उमललेल्यात हायपोग्लायसिन नावाचं विष असतं, रक्तातली साखर एकदम खाली जाते, माणसं दगावलेली आहेत. काळ्या बिया आणि आतली लालसर साल काढून टाकायची. शेजारच्या अंगणातली कुणी प्रेमानं दिली तरी पहिल्या वर्षी डब्यातलीच आणा.

गंमत बघा, या राष्ट्रीय पदार्थातलं मूळचं इथलं जवळजवळ काहीच नाही. फळ पश्चिम आफ्रिकेतून आलं. मासा कॅनडाच्या थंड समुद्रातला, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला आणलेला. ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, १७९३ साली ब्लाय नावाच्या कप्तानानं ताहितीहून आणलं, तेही त्याच हिशेबानं. गुलामांना डोंगरउतारावर जमिनीचे तुकडे मिळत. तिथं त्यांनी याम (कोनफळाच्या जातीचा कंद) आणि इतर कंद पिकवले, उरलेले रविवारच्या बाजारात विकले. त्या बाजारातल्या बायकांचा वारसा आजच्या भाजीवालीकडे आहे, म्हणून तिच्याशी जपून बोलायचं. २००८ साली उसेन बोल्टनं ऑलिम्पिक गाजवलं तेव्हा त्याच्या वडिलांनी श्रेय दिलं ते त्यांच्या ट्रेलॉनी भागातल्या यामला. इथं कुणालाही तो विनोद वाटला नाही. दुसऱ्यांनी पोट भरायला म्हणून जे पुढ्यात टाकलं, त्याचं या लोकांनी स्वतःचं जेवण केलं, आणि त्यावर ते ताठ मानेनं उभे आहेत. मला याचा फार आदर वाटतो. आणि माझं दुखणंही इथंच सुरू होतं.

१० मे १८४५ ला ‘ब्लंडेल’ नावाचं जहाज ओल्ड हार्बर बेला लागलं, त्यातून कलकत्त्याहून भरलेले मजूर उतरले. गुलामी संपली होती, उसाला माणसं हवी होती. पुढच्या सत्तरेक वर्षांत ३६ हजारांच्या आसपास भारतीय इथं आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे, काही मद्रासकडचे. त्यांच्या मसाल्यातून इथलं करी गोट झालं. पिवळीधमक करी पावडर आधी गरम तेलात ‘जाळतात’, मग बोकडाचं मटण, पिमेंटोचे (म्हणजे ऑलस्पाइसचे) दाणे, थाइम आणि स्कॉच बॉनेट मिरची. लग्न असो, मयतानंतरची ‘नाइन नाइट’ असो, करी गोटशिवाय पंगत उठत नाही. थोडक्यात, भारतीयांची या देशाच्या ताटातली जागा ठरलेली आहे. ‘आउट ऑफ मेनी, वन पीपल’ हे त्यांचं राष्ट्रीय ब्रीद, आणि त्या मेनीमधले आपण म्हणजे करी गोट.

आमच्या घरात माळ आहे. सासरे वारीला जायचे.

ऑक्टोबरात हीरोज डेच्या आगेमागे शाळांत वारसा सप्ताह असतो. मुलीच्या वर्गात टेबलं मांडली होती: आफ्रिका, चीन, भारत, मूळचे टाइनो. बाईंनी आमच्या मुलीला सांगितलं, करी गोट आण. मी वहीत नम्रपणे लिहून पाठवलं की आम्ही खात नाही, थालीपीठ आणि आमटी देते. डबा तसाच परत आला. प्रकल्पाला दहापैकी पाच गुण, आणि शेरा असा की पदार्थ ‘भारतीय वारशाशी सुसंगत नाही’. अहो, मी मिरजेची! शाळेत गेले. बाई अजिबात उद्धट नव्हत्या, शांतपणे म्हणाल्या, मॅडम, आम्ही इथे आलेल्या भारतीयांबद्दल शिकवतोय. खरं तर बरोबर होतं त्यांचं. त्या टेबलावर बसायचा हक्क ब्लंडेलवाल्यांचा, विमानातून उतरलेल्या माझा नाही. हे मला कळतं, आणि तरी तो शेरा आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

तेव्हा तुमच्या मुलीला असं काही झालं तर चिठ्ठ्या पाठवत बसू नका, पहिल्याच आठवड्यात बाईंना जाऊन भेटा.

कागदांचं एकच सांगते. टीआरएन नावाचा कर-क्रमांक आधी काढा, त्याशिवाय पान हलत नाही. आमची बँक पत्त्याचा पुरावा मागे, विजेचं बिल घरमालकाच्या नावावर, मालकाचं पत्र नेलं तर त्यावर जस्टिस ऑफ द पीसची सही हवी. ही पदवी असलेले प्रतिष्ठित नागरिक असतात, कुणी पाद्री, कुणी मुख्याध्यापक. आमचे गृहस्थ रविवारी प्रार्थनेनंतरच भेटत, आणि सही करायच्या आधी जेवायला बसवत. मी ‘नो मीट’ म्हटल्यावर त्यांच्या पत्नीनं विचारलं, तुम्ही अ‍ॅडव्हेंटिस्ट का?

हा तुमच्या कामाचा मुद्दा आहे. इथं मांस न खाणारे दोन प्रकारचे लोक सगळ्यांना माहीत आहेत: अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चचे अनेक जण आणि रास्ताफारी पंथाचे लोक, म्हणजे रास्ता. रास्तांचं जेवण इटल. नारळाच्या दुधात शिजवलेल्या शेंगा, भोपळा, कंद, आणि बहुधा मीठ नाही. इटलच्या टपऱ्या शोधून ठेवा, पर्समध्ये मिठाची पुडी ठेवा. सोयाच्या वड्यांना इथं व्हेजी चंक्स म्हणतात, कुठंही मिळतात. उपाशी राहणार नाही.

मुलीचं मात्र सांगता येत नाही. माझी आता हायस्कुलात आहे. शाळेबाहेर पॅटी मिळते, वरचं पिवळं आवरण हळदीचं, आत बीफ, ती कोको ब्रेड नावाच्या मऊ पावात दाबून खातात. माझी मुलगी खाते. मला तिनं सांगितलेलं नाही, दप्तरातल्या तेलकट कागदी पिशव्यांवरून कळलं. तिच्या बाबांना मी सांगितलेलं नाही. मागं सांगलीहून आत्याचा फोन आला तेव्हा ही सहज म्हणाली, करी तर जमैकन असते ना. आत्या हसली. मला राग यायला हवा होता, पण मनात आलं, हिला तरी त्या टेबलाशी जागा मिळाली. आणि लगेच वाटलं, मग माझी थालीपिठं कुणासाठी?

सणाला अडत नाही. नारळ मुबलक, केळीची पानं मुबलक. डुकुनू म्हणून एक पदार्थ आहे, मक्याचं पीठ किंवा रताळं, नारळ आणि गूळकट साखर केळीच्या पानात बांधून उकडतात, आपल्या पातोळ्यांची सावत्र बहीणच. माझ्या शेजारणीला मोदक दिले तर म्हणाली, याला मसाला कमी झालाय, आणि जायफळ किसून दिलं. हल्ली मी जास्तच जायफळ घालते.

आणायचं ते एवढंच: कुकर आणि त्याच्या जादा रिंगा, हिंग, गोडा मसाला, भाजणी दळून. पुरणयंत्रही घ्या, इथं मला कुठं दिसलेलं नाही. नवऱ्याच्या करारात शाळेची फी धरली आहे का ते सही करण्याआधी विचारा. मुलीला पॅटी खाऊ द्यायची की नाही हे मला विचारू नका.