केवडा पडलेल्या भेंडीवरच माशी का बसते?

प्रश्न : गच्चीवर भेंडीच्या नऊ कुंड्या आहेत. श्रावणात दोन झाडांच्या शिरा पिवळ्याजर्द झाल्या. बियाणेवाला म्हणाला, व्हायरस आहे, पांढरी माशी पसरवते. पण हिरव्यागार सात कुंड्या सोडून माशा त्या दोन आजारी झाडांवरच जास्त दिसतात. आजारी झाडाचा रस पिऊन त्यांना काहीच होत नाही का?
(एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर)

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि भिंग घेऊन मी रामबागेतल्या आमच्या गच्चीवर गेले. आमच्याकडेही यंदा एका झाडाला केवडा, म्हणजे शिरा पिवळ्या पाडणारा हाच रोग, आहे. त्याचं एक पान हलकेच उलटं केलं. वरच्या बाजूला शिरांचं पिवळं जाळं आणि मधे हिरव्या चौकटी. खाली शिरांच्या कडेने माशा बसलेल्या, जेमतेम एक मिलिमीटरच्या, पंखांवर मेणाची पांढरी भुकटी. त्यांच्या शेजारी त्यांची पिल्लं होती. चपटी, फिकट पिवळी, पानाला चिकटलेली. ती जागची हलत नाहीत, नुसता रस ओढत असतात. शेजारच्या निरोगी झाडाचं तेवढंच पान उलटून पाहिलं, तर दोनच माशा. म्हणजे तुम्ही जे पाहिलंत, तेच मीही पाहिलं.

पहिलं कारण रंगाचं. या माशीला पिवळा रंग ओढतो, म्हणूनच शेतात पिवळे चिकट सापळे लावतात. विषाणूने पान पिवळं केलं की ते दुरूनच तिला खुणावतं.

आता तिला काही होतं का ते सांगते. माशीची सोंड शिरेतल्या रसापर्यंत पोचते. रसाबरोबर विषाणू तिच्या पोटात जातो, आतड्याच्या भिंतीतून तिच्या रक्तद्रवात उतरतो आणि तिथून लाळग्रंथीत. टोमॅटोची पानं पिवळी करून मुरडणाऱ्या विषाणूला या वाटेवर साधारण आठ तास तरी लागतात. वाटेत त्याला सांभाळतं कोण, तर माशीच्याच अंगात वस्तीला असलेल्या जिवाणूंचं एक प्रथिन! एकदा लाळेत पोचला की पुढे माशी जिथे सोंड लावेल तिथे तो उतरतो. इतका आतून प्रवास करणारा पाहुणा घरच्यांना काहीच त्रास देणार नाही, असं कसं होईल?

त्रास देतोही. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९९७ साली याच टोमॅटोच्या विषाणूबद्दल दाखवलं की, तो अंगात घेतलेल्या माद्यांचं आयुष्य १७ ते २३ टक्क्यांनी घटतं आणि त्या ४० ते ५० टक्के कमी अंडी घालतात. हे वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, चला, झाडाचा सूड तरी उगवला जातोय. पण २००७ साली चीनच्या झेजियांग विद्यापीठातून नेमकं उलटं आलं. तिथल्या तंबाखूवर दुसरे दोन विषाणू होते आणि माशी बाहेरून शिरलेल्या वाणाची. एरवी निरोगी तंबाखू तिला फारसा मानवत नाही. आजारी तंबाखूवर मात्र तिची अंडी बारा ते अठरा पट झाली आणि आयुष्य सहा-सात पट. तिथल्या स्थानिक पांढऱ्या माशीला मात्र त्याच आजारी झाडांचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही.

असं कशामुळे? रस शोषणाऱ्या किडीविरुद्ध झाड आपल्या अंगात काही द्रव्यं तयार करतं. किडीला ती बाधतात. त्यातल्या एका विषाणूबरोबर एक छोटा जोडीदार फिरतो, शास्त्रज्ञ त्याला उपग्रह म्हणतात. त्याचं एक प्रथिन झाडाचा हा बंदोबस्तच मोडून टाकतं. आपल्या भेंडीच्या केवड्यातही विषाणू आणि उपग्रह अशी जोडगोळीच असते, आणि शिरा पिवळ्या पडायला तो उपग्रह लागतो.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो गव्हावरच्या माव्याचा, म्हणजे रस पिणाऱ्या बारीक किडीचा, प्रयोग. अमेरिकेतल्या आयडाहो विद्यापीठात २०१२ साली झालेला. गव्हाला खुजा आणि पिवळा करणारा एक विषाणू मावा पसरवतो. विषाणू नसलेल्या माव्यापुढे दोन्ही प्रकारची रोपं ठेवली, तर तो आजारी गव्हाकडे जाई. तोच मावा विषाणू घेऊन बसला की निरोगी गव्हाकडे वळे. कुणी म्हणेल, आजारी रोपाचा रस प्यायल्यामुळे त्याची आवड बदलली असेल. म्हणून त्यांनी रोपाला मधून काढूनच टाकलं. शुद्ध केलेला विषाणू कृत्रिम खाद्यातून पाजला, तरी निवड तशीच बदलली. म्हणजे हा बदल विषाणूने थेट किड्यात घडवला होता. रिकामा असताना आजाऱ्याकडे, भरल्यावर धडधाकटाकडे: पसरायला याहून सोयीचं काय असणार?

टोमॅटोवर ठिपके पाडून झाड वाळवणारा विषाणू तर फुलकिड्याच्या अंगात वाढतोसुद्धा. कॅलिफोर्नियात २०११ साली दिसलं की असे बाधित नर निरोगी नरांच्या तिपटीपर्यंत जास्त वेळा पानात तोंड खुपसतात, आणि प्रत्येक खुपसणीला लाळ जाते.

तुमच्या कुंड्यांबद्दल एवढंच सांगते, आणि हे मी नुकसान सोसून शिकले आहे. तीन वर्षांपूर्वी केवड्याचं झाड मी भर दुपारी उपटलं आणि माती झटकायला कुंडीच्या काठावर दोनदा आपटलं. पांढरा भुरका उडाला आणि शेजारच्या कुंड्यांवर जाऊन बसला. पंधरा दिवसांत आणखी चार झाडांच्या शिरा पिवळ्या झाल्या. मला फार वाईट वाटलं, कारण ते बी आईने जपलेलं होतं. आता मी पहाटे जाते. गारव्यात माशी सुस्त असते. झाडावर आधी मोठी पिशवी हळूच चढवते, बुडाशी तोंड आवळते आणि मगच कापते. तुमची ती दोन झाडं उद्या सकाळीच अशी काढा. बरी होतील म्हणून ठेवू नका. केवडा पडलेलं झाड बरं होत नाही.

प्रश्न : सोयाबीनमध्ये पिवळा मोझॅक आला. दोन फवारण्या झाल्या, तरी वाढतोच आहे. औषध खोटं आहे का?
(एक शेतकरी वाचक, सांवेर)

उत्तर : दादा, औषध खोटंच असेल असं नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅकही पांढरी माशीच नेते, आणि औषधाने मरण्याआधी विषाणूने भरलेल्या माशीला एका झाडावर नीट रस प्यायला मिळाला तरी पुरतं. शिवाय बाहेरच्या बांधावरून नव्या माशा येतच राहतात. म्हणून खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेच्या सल्ल्यातही पिवळं झाड दिसताच उपटून शेताबाहेर नेण्यावर भर असतो. फवारणीआधी ते करा, आणि पिवळे चिकट सापळे लावा.

काकडी-भोपळ्यावरच्या माव्याचं गणित याहून अवघड आहे. काकडीचा मोझॅक विषाणू माव्याच्या पोटात जातच नाही, सोंडेच्या टोकालाच राहतो. आजारी वेलाचा वास माव्याला बोलावतो, पण चव लागताच तो वैतागून उडतो. तेवढ्या काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागलेला असतो. तिथे फवारा नेहमीच उशिरा पोचतो.

प्रश्न : उपटलेलं झाड खताच्या खड्ड्यात टाकू की कचरागाडीत देऊ?
(राजेंद्र नगरहून)

उत्तर : खड्ड्यात टाका. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात जिथे राहून कंपोस्ट खताच्या पद्धतीला 'इंदूर पद्धत' म्हणून जगभर नाव मिळवून दिलं, त्या गावात झाड कचऱ्यात का घालायचं? केवड्याचा विषाणू जिवंत झाडात आणि माशीत टिकतो, कुजलेल्या पानात नाही. फक्त ती बांधलेली पिशवी दोन दिवस कडक उन्हात ठेवा, म्हणजे आतल्या माशा आणि पिल्लं मरतील. मग उघडा.

प्रश्न : केवडा पडलेल्या झाडाची भेंडी खाल्ली तर चालते का?
(तुकोगंजहून)

उत्तर : चालते. हा विषाणू माणसाला लागत नाही. भेंडी फिकट आणि जरा निबर असते एवढंच. कोवळी असतानाच तोडा.