पहिल्यांदाच र्‍योकानला, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीत, जाताय ना?

त्यासाठी किनोसाकी हे गरम पाण्याच्या कुंडांचं गाव निवडलंत, छान केलंत. एक रात्र पुरे, पण दुपारी तीनच्या सुमारास पोहोचा. नवखे दिवसभर भटकून रात्री आठला उगवतात. तोवर जेवणाची वेळ टळते आणि एवढे पैसे मोजून पदरात फक्त झोप पडते.

कुंडात कपडे चालत नाहीत, पोहण्याचेही नाहीत. संकोच पहिली पाच मिनिटं, नंतर कळतं की कोणी बघतच नाही. आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची, फेसाचा टिपूसही उरता कामा नये, मगच पाण्यात. छोटा टॉवेल घडी करून डोक्यावर ठेवा, पाण्यात बुडवू नका. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, म्हणून पहिल्यांदा पाच-सात मिनिटांत बाहेर या. जेवणाआधी साकेही (तांदळाची दारू) नको.

- युकाताची (तिथल्या सुती झग्याची) डावी बाजू वर. उजवी वर फक्त मृतांना घालताना घेतात.
- तातामीवर (जमिनीवरच्या गवती चटयांवर) चपला नाहीत, खोलीतल्या सपातासुद्धा.
- शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा. दाशी, म्हणजे माशाचा अर्क, सूपपासून उकडलेल्या भाजीपर्यंत सगळीकडे असतो. ऐनवेळी सांगितलंत तर भात-लोणच्यावर भागवावं लागेल.

टॅटू आहे म्हणालात. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत चालतो, पण र्‍योकानच्या स्वतःच्या कुंडाचं आधी विचारून घ्या.