क्वासिक्रिस्टलमधील बदल तपासताना

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात दशघडी सममितीचे (एका फेरीत दहा वेळा तसेच दिसणारे) विवर्तन चित्र, म्हणजे नमुन्याने वळवलेल्या शलाकांचे ठिपके, दिसताच नमुना क्वासिक्रिस्टल (अणू शिस्तीत असूनही ज्यांची मांडणी ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही असा घन पदार्थ) आहे, असे लगेच नोंदवू नका. वेगवेगळ्या कोनांत जोडून वाढलेल्या जुळ्या स्फटिकांचा समूहही तसाच आभास निर्माण करू शकतो. 1982 मध्ये डॅन शेख्टमन यांनी जलद थंड केलेल्या ॲल्युमिनियम-मँगनीज मिश्रधातूत हे चित्र पाहिले, तेव्हा त्यांनी कृष्णक्षेत्र प्रतिमा (निवडक ठिपक्याच्या शलाकेनेच बनवलेली नमुन्याची प्रतिमा) घेऊन ही शक्यता आधी पडताळली होती. तुम्हीही तेच करा आणि नमुना तिरपा करत पंचघडी अक्षापासून (ज्याच्या दिशेने हे दशघडी चित्र दिसते) द्विघडी अक्षापर्यंतचा कोन सुमारे 31.7 अंश येतो का, हे मोजा.

तापवताना होणारा बदल मात्र हळूच डोकावतो. चित्राचा छापील कागद डोळ्यांच्या पातळीवर आडवा धरून ठिपक्यांच्या रांगेवरून नजर फिरवा; सरळ दिसायला हवी ती रांग किंचित नागमोडी झाली असेल, तर फेझॉन विकृती (क्वासिक्रिस्टलच्या अणुमांडणीतील खास प्रकारची विस्कळीतता) आहे किंवा रचना निकटरूप स्फटिकाकडे (जवळपास तशीच मांडणी, पण ठरावीक अंतराने पुन्हा येणारी) झुकू लागली आहे, असे समजावे. (मला स्वतःला ही साधी युक्ती फार मोलाची वाटते.) इलेक्ट्रॉन शलाकेमुळेही नमुन्यात बदल घडू शकतो, म्हणून शलाका न पडलेला शेजारचा भाग तुलनेसाठी अवश्य तपासा.